तुकड्यांचा डबा

मामा, तुमचा फॉर्म परत आला. कागद नाही आला, ईमेल आली. 'कृपया औषधाचा बॅच नंबर व उत्पादक कंपनीचे नाव कळवावे, त्याशिवाय पुढील मूल्यमापन करता येणार नाही.' खाली आभार, त्याखाली कुणाची तरी सही. तुम्हाला जाऊन आज बरोबर महिना झाला, आणि पत्र आलं ते हे.

वाचून आधी हसूच आलं मला. कारण हे वाक्य माझंच आहे. हिंजवडीच्या ज्या ऑफिसात मी अकरा वर्षं बसते, तिथून रोज हे वाक्य परदेशात कुठे कुठे जातं. तिकडे कुणाची आई गेलेली असते, कुणाच्या नवऱ्याच्या किडन्या निकामी झालेल्या असतात, त्यांनी कशाबशा चार ओळी लिहिलेल्या असतात, आणि मी उत्तर पाठवते: आपल्या दुःखात सहभागी आहोत, कृपया बॅच नंबर कळवावा. आता तेच माझ्या दारात आलं. करावं तसं भरावं, दुसरं काय.

माझं काम काय आहे, हे आपल्या घरात फक्त तुम्हाला नीट कळलं होतं. आईला अजून वाटतं, मी कॉम्प्युटरवर गोळ्या विकते. गोळी दुकानात येण्याआधी तिची परीक्षा होते ती मोजक्या माणसांवर. खरी परीक्षा ती सगळ्यांच्या पोटात जायला लागली की सुरू होते, आणि तेव्हा कुणाला काय झालं हे गोळा करून लिहून ठेवायला कुणीतरी लागतं. ते आम्ही. तुम्ही हे गिऱ्हाइकांना एका वाक्यात सांगायचात. "आमची आशी गोळ्यांची पोलीस पाटील हाय. गोळीनं आगळीक केली, की तिला कळवायचं."

आणि खरंच कळवायचात तुम्ही. चाकणला एमआयडीसीकडे वळणाऱ्या रस्त्यावरच्या त्या दहा बाय पंधराच्या दुकानातून तुमचे फोन यायचे. अमक्या बाईला खोकल्याच्या औषधानं भोवळ आली, तमक्याचे ओठ सुजले. मी म्हणायचे, मामा, मी परदेशातल्या केसेस बघते, इथल्या नाही. "मंग आपल्या मानसांचं कोन बघतं?" मी म्हटलं, त्यासाठी वेगळं केंद्र आहे, फॉर्म भरावा लागतो. तुम्ही भरलेत. डाव्या हाताने कागद दाबून धरत, मोठ्या अक्षरात, एक नाही, तीन फॉर्म. तिन्ही बॅच नंबरावर अडले. चौथा तुम्ही भरला नाहीत, आणि मी विचारलंही नाही का म्हणून.

तिथूनच आपलं ते कात्रीचं भांडण सुरू झालं. किती वर्षं भांडलो आपण, मामा! पट्टीवर बॅच नंबर एका टोकाला छापलेला असतो. तुम्ही नियमाप्रमाणे ते टोक दुकानात ठेवायचात आणि दुसऱ्या टोकाकडून दोन-दोन, चार-चार गोळ्या कापून द्यायचात. तुमच्याकडे येणारा माणूस दहा गोळ्यांची पट्टी मागायला येतच नव्हता. त्याला आजची शिफ्ट काढायची असायची, फार तर उद्याची. म्हणजे गोळी त्याच्या खिशात आणि नंबर तुमच्या ड्रॉवरमध्ये. त्याला काही झालं, तर गोळी कुठली हे सांगणार कोण? मी म्हणायचे, निदान पाकिटावर नंबर लिहून द्या. तुम्ही ते बोटभर कागदी पाकीट माझ्यासमोर धरलंत. "हे बघ. ह्याच्यावर नंबर लिहू, का 'जेवल्यावर घे' लिहू? जागा एकाचीच हाय." मी म्हटलं, नंबर लिहा. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जसं काही मी कुणाला उपाशीपोटी गोळी घ्यायला सांगितलं.

तुमचं सगळं शास्त्र त्या 'जेवल्यावर घे'मध्ये होतं. मी शाळेत असताना सुट्टीत तुमच्या काउंटरवर बसायचे, तेव्हा मला तुम्ही पहिली गोष्ट ती शिकवलीत. गोळी मागणाऱ्याला आधी विचारायचं, जेवलास का. मग नाव विचारायचं, मग गाव. नांदेडचा, लातूरचा, खेडचा, भोसरीत खोली घेऊन राहणारा, सगळे तुम्हाला नावानिशी माहीत. एकदा तुम्ही मला विचारलंत, "तुझ्या त्या कागदातल्या मानसांची नावं काय असत्यात गं?" मी म्हटलं, नावं नसतात मामा, नाव-आडनावाची दोन अक्षरं असतात. गोपनीयता असते. तुम्ही हातातली कात्री खाली ठेवलीत. मग म्हणालात, "मंग हाक कशी मारता?" मी हसले होते तेव्हा. ऑफिसातही सांगितला मी तो किस्सा, आणि तिथेही सगळे हसले.

गावची जमीन एमआयडीसीत गेली, तेव्हा भावकीतल्या लोकांनी गाड्या घेतल्या आणि तुम्ही तिशी ओलांडल्यावर फार्मसीचा डिप्लोमा घेतलात. पहिल्या दिवशी वर्गात शिरलात तर पोरं सर आले समजून उठून उभी राहिली, हे तुम्ही इतक्या वेळा सांगितलंय की मामींना पाठ झालंय. मला बी.फार्मला घातलंत तेही तुम्हीच. बाबा बी.कॉम. म्हणत होते. तुम्ही आमच्या पिंपळे सौदागरच्या घरी आलात, चहा न घेता बसून राहिलात आणि बाबा हो म्हणाल्यावर दोन कप प्यायलात. माझा पगार, माझी खुर्ची, माझं ते ओळखपत्र, सगळं त्या दोन कपांचं आहे. हे तुम्हाला कधी म्हटलं नाही मी. भांडायला मात्र दर रविवारी वेळ होता.

आता त्या डब्याबद्दल बोलते. तोच तो, श्रीखंडाचा पांढरा डबा, खालच्या फळीवरचा. कंत्राट संपलं की माणसं गावी जायची, आणि जाताना उरलेल्या गोळ्या तुमच्या काउंटरवर ठेवून जायची. "मामा, दोन उरल्या, ऱ्हाऊ द्या तुमाला." मायेने द्यायची बिचारी. ते तुकडे तुम्ही विकायचा नाहीत. जीव गेला असता तरी विकले नसतेत. कुणी कुठे ठेवलेल्या, कधीच्या, नाव अर्धं, नंबर नाही, असल्या गोळ्या गिऱ्हाइकाला देणं तुम्हाला पाप वाटायचं. पण औषध टाकून देणं हेही पापच. मग तुम्ही मधला मार्ग काढलात. ते तुकडे स्वतः खायचे. कंबर दुखली, डबा. डोकं चढलं, डबा. दुकानभर नवीन पट्ट्या भरलेल्या आणि मालक खातोय लोकांचं उष्टं. मी ओरडले की म्हणायचात, "आगं मी केमिस्ट हाय. वासावरनं गोळी वळखतो." ह्या बढाईवर मी चिडायचे आणि मामी पदर तोंडाला लावून हसायच्या.

तुमच्या डाव्या मनगटावर एक डाग होता. रुपयाएवढा, जांभळट काळा. तो मधूनच लाल व्हायचा, खाजायचा, मग पुन्हा काळा पडायचा. घड्याळाच्या पट्ट्याने होतं म्हणायचात. गेल्या दिवाळीत मी तुम्हाला कापडी पट्ट्याचं घड्याळ आणून दिलं. ते तुम्ही मिरवलंत आणि डाग तिथेच राहिला. हॉस्पिटलात पहिल्या दिवशी डॉक्टरांनी तुमचा हात उलटा केला आणि मला विचारलं, हा किती जुना? आणि मामा, तेव्हा, तिथे उभ्या उभ्या मला कळलं. एखादी गोळी घेतली की दर वेळी त्याच जागी उठणारा डाग. असा डाग मी किती कागदांत वाचलाय, किती वेळा नीट शब्दांत लिहिलाय. 'रुग्णास यापूर्वीही त्याच जागी असा त्रास झाला होता.' दुसऱ्या देशातल्या माणसाच्या मांडीवरचा डाग मला कागदावरून दिसला. ज्या हाताने तुम्ही मला वजन-मापं शिकवलीत, त्या हातावरचा दिसला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण माझ्या दिव्याचा नक्की उजेड कुठे पडत होता?

तुमचा तो शेवटचा धड फोन मंगळवारचा. मी कंपनीच्या कॅबमध्ये होते, हिंजवडीच्या चौकात गाडी अर्धा तास जागची हलली नव्हती, मांडीवर लॅपटॉप होता. तुम्ही म्हणालात, "आशे, काल कंबर धरली म्हून डब्यातली ती हिरवी घेतली होती. आज ताप हाय. तोंड आलंय. डोळं बी चुरचुरत्यात." गोळी, ताप, तोंड, डोळे. हे चार शब्द कुणी लिहून पाठवले असते, तर मी त्या केसवर लाल खूण करून सगळं सोडून आधी ती उघडली असती. पण बोलत होतात तुम्ही, आणि तुम्ही काय, दर आठवड्याला काहीतरी सांगणारच. मी म्हटलं, व्हायरल असेल मामा, सगळीकडे आहे. गोळी घ्या आणि पडून राहा.

गोळी घ्या.

तुम्ही घेतलीत. तुम्ही माझं कधी ऐकायचा नाहीत. कात्रीचं ऐकलं नाहीत, पाकिटाचं ऐकलं नाहीत, डबा फेका म्हटलं ते ऐकलं नाहीत. ऐकलंत ते नेमकं हेच. ताप उतरायला तीच हिरवी गोळी घेतलीत, मामी म्हणतात संध्याकाळी एक आणि सकाळी एक. गुरुवारी अंगावर फोड आले, शुक्रवारी तुम्हाला पिंपरीच्या हॉस्पिटलात आणलं. पुढचं मी लिहीत नाही. कातडी भाजल्यासारखी सुटत होती एवढंच लिहिते, कारण तुम्हाला ते माहीतच आहे. तोंडातल्या फोडांनी बोलता येत नव्हतं, तरी एकदा मला जवळ बोलावून म्हणालात, "आता मला बी दोन अक्षरं मिळनार." मी म्हटलं, गप्प बसा. तुम्ही बसलात.

तेराव्यानंतर मी तुमचा फॉर्म भरायला बसले. वाटलं होतं, एवढं तरी माझ्या हातात आहे. रुग्णाची आद्याक्षरं. वय. वजन. त्रास काय झाला, कधी सुरू झाला, औषध कधी घेतलं, शेवट काय झाला. शेवटच्या रकान्यात 'मृत्यू'वर मी न थांबता खूण केली, इतकी सवय आहे हाताला. मग औषधाचं नाव. तुमच्या सदऱ्याच्या खिशात रिकामा तुकडा सापडला होता, तीन घरं फुटलेली. त्याच्यामागे औषधाच्या नावाची शेवटची चार अक्षरं आणि कंपनीच्या पत्त्यातल्या कुठल्याशा गावाची पहिली दोन. त्यावरून औषध कळलं. पण त्या औषधाच्या हिरव्या गोळ्या चार-पाच कंपन्या करतात.

मामींनी डबा आणून दिला. मी वर्तमानपत्रावर सगळे तुकडे ओतले आणि दुपारभर कडा जुळवत बसले. तुमची कात्री जराशी वाकडी कापते, टोकाला एक दाता राहतो, तो दाता मी शोधत होते. मामी समोर बसून मला तुकडे देत होत्या, मटार सोलताना देतात तसे. एकही जुळला नाही. जुळणार कसा? त्या पट्टीचं नंबराचं टोकही शेवटी ड्रॉवरमधून विकलं गेलं असणार, कुणाच्या तरी पोटात गेलं, त्याची कंबर दुखायची थांबली, त्याने शिफ्ट केली आणि तो विसरला.

खरं सांगू का? नंबर सापडला असता तरी फरक पडला नसता. ती गोळी बिघडलेली नव्हती. चांगली होती, जशी असायला हवी तशी. ती क्वचित कुणाला असं करते, हे तिच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात छापलेलं आहे, आणि ते माहितीपत्रक दोन गोळ्यांबरोबर कुणालाच मिळत नाही. आमच्या धंद्यात, जे आधीपासून पत्रकात लिहिलेलं असतं, त्याला 'अपेक्षित' म्हणतात. तुमच्यासमोर तो शब्द येईल, मामा. कुणीतरी शांतपणे, चहा पीत, तुमच्या नोंदीपुढे अपेक्षित असं लिहील. मीही लिहीत आले. कुणाला अपेक्षित होतं? मामींना? दिवाळीत दिलेलं तुमचं घड्याळ तर अजून चालूच आहे.

आणि अजून एक आहे, जे मी कुणालाच सांगितलेलं नाही. फॉर्मच्या शेवटी हकीकत लिहायची जागा असते. तिथे मी लिहिलं, 'ताप आल्यावर रुग्णाने तेच औषध स्वतःहून पुन्हा घेतले.' स्वतःहून. अकरा वर्षांत मी एकाही कागदावर खोटं लिहिलं नव्हतं. तारीख पक्की नसेल तर रकाना रिकामा सोडते, पण खोटं नाही. पहिलं खोटं तुमच्या कागदावर लिहिलं. दुरुस्ती करता येते, नंबरासाठी पत्र आलंच आहे, त्याच उत्तरात एक ओळ घालायची. रोज ईमेल उघडते आणि बंद करते.

मामींनी विचारलं होतं. "त्यांनी तुला फोन केलता म्हनं मंगळवारी. काय म्हनलीस तू?" मी म्हटलं, डॉक्टरकडे जा म्हटलं मामी. त्यांनी मान हलवली. "ऐकलं असतं तर... पन ते ऐकत व्हते व्हय कुनाचं!" असं म्हणून तुम्हालाच बोल लावला त्यांनी, आणि मी लावू दिला. नंतर दारापर्यंत सोडायला आल्या, तेव्हा म्हणाल्या, "तू वर कळवलंस ना पर? मंग आता दुसऱ्या कुनाला न्हाई ना व्हनार असं?" मी त्यांचा हात धरून 'नाही होणार' म्हटलं. त्यांना बरं वाटलं.

परवा रविवारी दुकानाचा माल परत करायचा म्हणून मी शटर अर्धं वर करून याद्या करत बसले होते. एक माणूस वाकून आत आला. चाळिशीचा, कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात गेटपास. "मामा नाहीत का?" मी सांगितलं. त्याने डोक्यावरची टोपी काढली. म्हणाला, "मी गावाकडं होतो हो. मला कुणी सांगितलंच नाही." थोड्या वेळाने संकोचून म्हणाला, "मॅडम, सेकंड शिफ्ट आहे. कंबर धरलीय. मामा ती हिरवी द्यायचे, दोन."

मी नाही म्हटलं. मग मी त्याला सगळं सांगितलं, मामा. एवढं नीट मी ऑफिसातल्या नव्या मुलांनाही कधी समजावलेलं नाही. ही गोळी कुणाकुणाला काय करते, आधी ताप येतो, तोंड येतं, डोळे चुरचुरतात, अंगावर एकाच जागी डाग उठत असेल तर ही पुन्हा कधीच घ्यायची नाही. तुमचं काय झालं तेही सांगितलं. दुसरी साधी गोळी देते म्हटलं. तो हात जोडून ऐकत होता. त्याचं एकदा घड्याळाकडे लक्ष गेलं. "बरोबर आहे मॅडम," तो म्हणाला. "मामांचं लई वाईट झालं. पण त्या साध्या गोळीनं माझं भागत नाही." टोपी घातली आणि वाकून बाहेर गेला.

समोर रस्त्यापलीकडे नवीन मेडिकल झालंय, तुम्ही बघितलंत. काचेचं आहे, सगळं दिसतं. तो तिथे गेला, दोन बोटं वर केली. त्यांनी पट्टी काढली, कापली, नंबराचं टोक ड्रॉवरमध्ये टाकलं. त्याने त्या दोन गोळ्या शर्टच्या वरच्या खिशात ठेवल्या, जिथे तुम्ही ठेवायचात. तो जेवला आहे का, हे तिथे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नव्हतं. शिफ्टची बस आली होती आणि तो धावत निघाला. मी काउंटरवरून उठून पायरीवर आले, त्याला थांबवायला तोंड उघडलं, आणि मामा, मला त्याचं नाव माहीत नव्हतं.